कनेक्टेड गाड्यांसाठी ब्लॉकचेन: आधी गाडी, मग चेन

कनेक्टेड, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या, गाड्यांच्या जाळ्यात ब्लॉकचेन (अनेकांनी मिळून ठेवलेली नोंदींची सामायिक वही) वापरायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो, 'प्लॅटफॉर्म कुठला घ्यायचा?' कामाचा क्रम इथेच उलटा होतो. हा प्रश्न या लेखात सहाव्या पायरीवर आहे आणि त्याची जागा तीच आहे. चेनवर एकदा पडलेली नोंद कुणाला गुपचूप बदलता येत नाही, एवढंच ब्लॉकचेन सांभाळते. ती नोंद मुळात खरी होती का, हे तिला कळत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून बरीचशी मेहनत गाडीत आणि कागदावर करायची आहे.

उदाहरण एकच धरू: गाडीचं ओडोमीटर रीडिंग आणि सर्व्हिसिंगची नोंद. गाडी बनवणारी कंपनी, वर्कशॉप, विमा कंपनी आणि तपासणी केंद्र अशा चौघांना ती हवी आहे, आणि चौघांचा एकमेकांवर पुरता विश्वास नाही. बॅटरीची तब्येत, चार्जिंगचा हिशेब, सॉफ्टवेअर अपडेटचा पुरावा यांपैकी काहीही असलं तरी पायऱ्या याच राहतात.

१. अविश्वास नेमका कुणाचा कुणावर, ते लिहून काढा

एका कागदावर तीन रकाने आखा. नोंद कोण करतं, नोंद कोण वाचतं, आणि ती खोटी असेल तर फायदा कुणाचा. तिसरा रकाना भरताना लोक संकोचतात, कारण समोर भागीदार बसलेले असतात. तरी तो भराच. ओडोमीटर मागे फिरलं तर विकणाऱ्याचा फायदा. न केलेलं सर्व्हिसिंग केल्याचं दाखवलं तर वर्कशॉपचा. झालेल्या सर्व्हिसिंगची नोंद गायब झाली तर वॉरंटी नाकारणाऱ्याचा. पुढचं सगळं डिझाइन या तीन ओळींवर उभं राहतं.

तपासा: सगळ्यांना मान्य असा एकच मध्यस्थ आहे का? असेल तर इथेच थांबा. स्वाक्षरी केलेल्या, फक्त भर घालता येणाऱ्या नोंदींचा साधा डेटाबेस तुमचं काम कमी खर्चात करेल.

२. किती उशीर चालेल, याचा हिशेब मांडा

एकमेकांशी बोलणाऱ्या गाड्या वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती सांगणारा सुरक्षा-संदेश साधारण सेकंदाला १० वेळा पाठवतात. १ लाख गाड्या रस्त्यावर असतील तर सेकंदाला १० लाख संदेश झाले. आता दुसरी बाजू बघा. बिटकॉइनचा एक ब्लॉक (चेनला एकदम जोडला जाणारा नोंदींचा संच) सरासरी १० मिनिटांनी येतो. इथेरियमचा १२ सेकंदांनी, आणि तो पक्का व्हायला सुमारे १३ मिनिटं लागतात. ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर अंतर कापते, म्हणजे १२ सेकंदांत ३०० मीटर. 'पुढच्या गाडीने ब्रेक मारला' हा संदेश चेनवरून आला तर तो धडक होऊन गेल्यावर पोचेल.

या संदेशांसाठी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १६०९.२ सारखी मानकं आहेत. अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रांनी (डिजिटल ओळखपत्रांनी) केलेली डिजिटल स्वाक्षरी समोरची गाडी जागच्या जागी तपासते, कुणालाही विचारावं लागत नाही. त्या व्यवस्थेला हात लावू नका.

तुमच्या प्रत्येक नोंदीपुढे एक आकडा लिहा: ही उशिरा आली तर किती वेळात नुकसान होतं? उत्तर सेकंदांत असेल तर ती गाडी-ते-गाडी संपर्कात राहील. उत्तर तासांत किंवा दिवसांत असेल आणि पहिल्या पायरीवरचा अविश्वासही असेल, तरच ती चेनची उमेदवार. कॅमेऱ्याचं चित्रण, इंजिनचा कच्चा डेटा, लांबलचक लॉग हे सगळं बाहेरच्या साठ्यात ठेवा, चेनवर फक्त त्याचा हॅश, म्हणजे डेटावरून गणिताने काढलेला छोटा ठसा; डेटा जरा बदलला तरी तो बदलतो.

३. गाडीतली तयारी

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. प्रकल्प फसतात ते बहुतेक इथेच.

*आकडा कुठून येतो ते शोधा.* गाडीतले कंट्रोल युनिट (छोटे संगणक) कॅन बस या सामायिक वायरीवरून एकमेकांशी बोलतात. पारंपरिक कॅनच्या एका फ्रेममध्ये फार तर ८ बाइट डेटा मावतो, आणि पाठवणाऱ्याची खात्री करून देणारं त्यात काही नसतं. बसला जोडलेलं कुठलंही यंत्र 'मी मीटर बोलतोय' असं म्हणू शकतं. किलोमीटर वाढू नयेत म्हणून मधल्या वायरीत बसवायचे छोटे बोर्ड याच उणिवेवर चालतात. त्यामुळे फक्त डॅशबोर्डच्या मीटरवरून रीडिंग घेऊ नका. चाकांच्या सेन्सरवरून एबीएस युनिट मोजतं ते अंतर, उपग्रहाच्या स्थानावरून काढलेलं अंतर, यांपैकी निदान एक सोबत घ्या. दोन्हींत थोडा फरक पडणारच. तो किती चालेल याची मर्यादा आधी ठरवा, आणि मर्यादा ओलांडली तर नोंद फेकून न देता 'आकडे जुळत नाहीत' या खुणेसह पाठवा. न जुळणं हीच कधीकधी सगळ्यात मोलाची माहिती असते.

*की गाडीतच जन्माला यावी.* स्वाक्षरी करणारी खासगी की (गुप्त आकडा) टेलिमॅटिक्स युनिटमधल्या, म्हणजे गाडीला नेटवर्कशी जोडणाऱ्या यंत्रातल्या, सुरक्षित चिपमध्ये तयार व्हावी आणि तिथून कधीच बाहेर येऊ नये. असेंब्ली लाइनच्या शेवटी तिची फक्त सार्वजनिक जोडी, म्हणजे स्वाक्षरी तपासायला लागणारी उघडी की, नोंदवून घ्यायची. कुणाच्या तरी लॅपटॉपवर कीची फाइल बनवून ती केबलने गाड्यांत भरली, तर ज्याच्याकडे तो लॅपटॉप त्याच्याकडे सगळ्या गाड्यांच्या सह्या. पुढे चेन कितीही मजबूत असली तरी याची भरपाई होत नाही.

*प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक द्या.* तो फक्त वाढत जाणारा, मागे न येणारा, सुरक्षित चिपमधलाच हवा. सोबत आधीच्या नोंदीचा हॅश ठेवा. मग मधली नोंद कुणी गाळली तर भोक लगेच दिसतं.

*घड्याळावर विसंबू नका.* जीपीएसच्या जुन्या सिग्नलमध्ये आठवड्याचा आकडा १० बिटांचा असतो. तो १,०२४ आठवड्यांनी, म्हणजे सुमारे १९.६ वर्षांनी, पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये असं झालं, आणि तयारी नसलेला रिसीव्हर अशा वेळी जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतो. बॅटरी काढून लावली तरी घड्याळ मूळ तारखेवर जातं. नोंदींचा क्रम अनुक्रमांकावरून ठरवा. वेळ हा गाडीने केलेला दावा समजा, आणि बाहेरून तिची खात्री झाली आहे की नाही हे वेगळ्या रकान्यात लिहा.

सावध: टेलिमॅटिक्स युनिट बिघडून वर्कशॉपमध्ये बदललं जाईल तेव्हा काय करायचं, हे आजच ठरवा. नवं युनिट म्हणजे नवी की आणि शून्यापासून अनुक्रमांक. जुनी की रद्द करून नवी त्याच गाडीला जोडणारी खास नोंद लागते, आणि तिच्यावर वर्कशॉप व कंपनी अशा दोघांची स्वाक्षरी हवी. ही वाट ठेवली नाही तर पहिलं युनिट बदललं त्या दिवशी चेनवर एक 'नवीकोरी' गाडी जन्माला येते, आणि जुन्या गाडीचा इतिहास तिथेच संपतो.

४. नोंदीचा साचा, अगदी अक्षरापर्यंत

एका कामात गाडीकडून रीडिंग ८४२१३ असं येत होतं आणि वर्कशॉपचं सॉफ्टवेअर तेच ८४२१३.० असं लिहीत होतं. माणसाला दोन्ही सारखेच. हॅशला नाही. दशांशचिन्ह आणि एक शून्य, एवढ्यावरून हॅश समूळ बदलला आणि खरी नोंद 'छेडछाड झालेली' म्हणून नाकारली जाऊ लागली. आम्ही दोन दिवस स्वाक्षरीत चूक शोधत होतो.

म्हणून हे नियम लेखी ठरवा. आकडे फक्त पूर्णांकात. एकक रकान्याच्या नावातच. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), सेकंदांत. रकान्यांचा क्रम ठरलेला. जेसन (डेटा मजकूररूपात लिहायची पद्धत) वापरत असाल तर त्याचं एकच ठरीव रूप कसं काढायचं हे आरएफसी ८७८५ या इंटरनेट दस्तऐवजात दिलेलं आहे. स्वतःचा नवा नियम शोधू नका, तोच घ्या. प्रत्येक नोंदीत साच्याचा आवृत्ती-क्रमांक हवाच, नाहीतर तीन वर्षांनी एक रकाना वाढवायची वेळ आली की जुन्या नोंदी तपासता येत नाहीत.

अक्षरांचीही काळजी घ्या. युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या मानकात) 'ऱ' हे एक अक्षर म्हणून लिहिता येतं, आणि 'र' पुढे नुक्ता देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, हॅश मात्र दोन निघतात. वर्कशॉपचं नाव नोंदीत मजकूर म्हणून टाकण्याऐवजी त्याचा ठरावीक क्रमांक टाका. मजकूर ठेवायचाच असेल तर हॅश काढण्याआधी तो युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात, एनएफसीमध्ये, आणा.

आपल्या उदाहरणातली नोंद अशी दिसेल: आवृत्ती २, गाडीची ओळख, एक यादृच्छिक क्रमांक, अनुक्रमांक ५१७, मीटरचं रीडिंग ८४२१३ किलोमीटर, चाकांवरून रीडिंग ८४१९० किलोमीटर, वेळ, वेळेची खात्री 'होय', घटनेचा प्रकार 'ऑइल बदललं', आधीच्या नोंदीचा हॅश, स्वाक्षरीची पद्धत, स्वाक्षरी. या रकान्यांच्या पलीकडे काही घालायचं मनात आलं तर पाचवी पायरी वाचून मगच घाला.

तपासा: नमुन्याच्या दहा नोंदी आणि त्यांचे अपेक्षित हॅश सगळ्या भागीदारांना द्या. त्यात शून्य, मोठा आकडा, रिकामा रकाना आणि 'ऱ' असलेलं एक नाव असू द्या. दहाच्या दहा हॅश प्रत्येकाकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

५. खासगीपणा चेनच्या आधी

चेनवरची गोष्ट परत घेता येत नाही, म्हणून ही पायरी नंतर करू म्हणून चालत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे गाडीचा व्हीआयएन (कंपनीने दिलेला ओळख-क्रमांक) हॅश करून चेनवर टाकणं आणि 'ओळख लपली' असं समजणं. व्हीआयएनमध्ये १७ अक्षरं असतात, त्यामुळे शक्यता अफाट वाटतात. पण पुढचा भाग कंपनी, मॉडेल, वर्ष आणि कारखाना यांवरून ठरतो आणि तो सगळ्यांना माहीत असतो. उरतो शेवटचा अनुक्रमांक. तो सहा आकडी असेल तर एका मॉडेलसाठी शक्यता फक्त १० लाख. साधा लॅपटॉप इतके हॅश काही सेकंदांत काढतो आणि जुळणारा शोधतो. चेन वाचू शकणाऱ्या कुणालाही शेजाऱ्याच्या गाडीचा इतिहास त्यातून मिळेल.

याऐवजी प्रत्येक गाडीला यादृच्छिक ओळख-क्रमांक द्या आणि तो कुठल्या व्हीआयएनचा, हे कोष्टक बाहेर ठेवा. प्रत्येक नोंदीचा हॅश काढताना तिच्यात सॉल्ट, म्हणजे एक वेगळा यादृच्छिक क्रमांक, मिसळा (चौथ्या पायरीच्या नोंदीतला तो हाच). मूळ नोंद आणि सॉल्ट बाहेरच्या साठ्यात, चेनवर फक्त हॅश. कुणी आपला डेटा पुसायला सांगितला (युरोपच्या जीडीपीआर कायद्याच्या १७ व्या कलमात तो हक्क आहे) तर नोंद, सॉल्ट आणि कोष्टकातली ओळ पुसा. चेनवर उरलेल्या हॅशवरून मग मूळ नोंद काढता येत नाही. एवढं कायद्याला पुरेसं आहे का, हे वकिलाकडून लेखी घ्या.

स्थानाची नोंद चेनवर कुठल्याही रूपात नको. १५ लाख मोबाइलधारकांच्या हालचालींवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की कुठे आणि केव्हा हे सांगणारे फक्त ४ बिंदू ९५ टक्के माणसांना गर्दीतून वेगळं काढायला पुरतात. गाडी तर रोज त्याच घरून त्याच कामावर जाते. आडमार्गाने जाणाऱ्या स्थानाकडेही लक्ष द्या: अमुक वर्कशॉपच्या नोडने (चेन चालवणाऱ्या संगणकाने) अमुक मिनिटाला नोंद टाकली, यातूनही गाडी कुठे होती ते कळतं.

सावध: 'एन्क्रिप्ट करून टाकू' हा उपाय नव्हे. दहा वर्षांनी की फुटली तर सगळं एकदम उघडं पडेल, आणि तेव्हा पुसायची सोय नसेल.

६. आता प्लॅटफॉर्म आणि नोड

ओळखीच्या संस्थांचं जाळं असेल तर परवानगीवर चालणारी चेन घ्या, उदाहरणार्थ हायपरलेजर फॅब्रिक. गाडीला नोड करू नका. ती फक्त सही करणारी आहे. पूर्ण चेन साठवणं आणि मतं देणं हे पार्किंगमध्ये बंद उभ्या राहणाऱ्या यंत्राचं काम नाही.

नोंदींचा क्रम लावणारे नोड किती, हे पहिल्या पायरीतल्या तिसऱ्या रकान्यावरून ठरवा. राफ्ट या नोडांचं एकमत करणाऱ्या पद्धतीत ३ पैकी १ किंवा ५ पैकी २ नोड बंद पडले तरी काम चालतं. पण नोड बंद पडणं वेगळं आणि नोड खोटं बोलणं वेगळं. खोटं बोलणारा नोड राफ्ट झेलू शकत नाही, त्यासाठी बायझंटाइन पद्धत लागते. तिथे एका खोट्या नोडला पुरून उरायला ४ आणि दोघांना ७ नोड हवेत. फॅब्रिकच्या ३.० आवृत्तीपासून ही सोय आहे.

आणि चारही नोड एकाच कंपनीच्या क्लाउड खात्यात ठेवू नका. सुरुवातीला सोपं म्हणून तसं होतं आणि पुढे तसंच राहतं. मग ती चौघांची वही राहत नाही.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे चेनवर आपोआप चालणारे नियम, लिहिताना 'नवं रीडिंग जुन्यापेक्षा कमी नसावं' हा नियम सगळ्यांना सुचतो. बरोबरही आहे. पण मेकॅनिकने ८४२१३ ऐवजी ८४२१३० टाइप केलं तर? त्या गाडीची पुढची प्रत्येक खरी नोंद नाकारली जाईल, आणि ती साडेसात लाख किलोमीटर धावेपर्यंत नाकारली जात राहील. म्हणून दुरुस्तीची वाट पहिल्या दिवसापासून ठेवा: जुनी नोंद तशीच राहते, तिच्याकडे बोट दाखवणारी नवी दुरुस्ती-नोंद येते, सोबत कारण आणि वेगवेगळ्या दोन संस्थांच्या स्वाक्षऱ्या.

तपासा: नवा सदस्य कोण घेणार, जुना कसा जाणार, कॉन्ट्रॅक्टमधली चूक कुणाच्या संमतीने दुरुस्त होणार, हे सगळ्यांनी सही केलेल्या कागदावर आहे का?

७. गठ्ठे बांधा, पावती परत द्या

गाडी तळघरात असते, बोगद्यात असते, आठवडाभर नेटवर्कबाहेर असते. नोंद तिथल्या तिथे सही करून साठवायची आणि नेटवर्क आलं की पाठवायची.

गेटवेने (गाड्यांच्या नोंदी घेऊन चेनकडे पाठवणाऱ्या सर्व्हरने) प्रत्येक नोंद वेगळी चेनवर टाकू नये. समजा १,०२४ नोंदींचा गठ्ठा केला आणि त्याचं मर्कल झाड बांधलं, म्हणजे दोन-दोन हॅश जोडून त्यांचा पुन्हा हॅश काढत शेवटी एकच मूळ उरवलं, तर चेनवर फक्त मुळाचा ३२ बाइटचा हॅश जातो. आपली नोंद त्या गठ्ठ्यात होती हे सिद्ध करायला प्रत्येक गाडीला १० हॅश पुरतात, म्हणजे ३२० बाइट. गठ्ठ्यामुळे पाचव्या पायरीतला वेळेचा मागही पुसट होतो. मात्र रीडिंग कमी-जास्त तपासणं मग गठ्ठा बांधण्याआधी गेटवेवर करावं लागतं, आणि ते गेटवे निदान दोन संस्थांचे हवेत.

सावध: सर्व्हरने 'मिळालं' म्हटलं की गाडीतली प्रत पुसायची, असं होऊ देऊ नका. गेटवे तेवढ्यात पडला तर नोंद दोन्हीकडून गेली. पुराव्याचे ते १० हॅश परत आले आणि गाडीने ते तपासले, की मगच पुसा.

फॅब्रिकमध्ये आणखी एक खड्डा आहे. साठ्यातली एकच की (इथे स्वाक्षरीची नव्हे, तर आकडा ज्या नावाखाली ठेवला आहे ते नाव) बदलू पाहणारे दोन व्यवहार एका ब्लॉकमध्ये आले तर दुसरा रद्द ठरतो. 'आजवरच्या एकूण नोंदी' असा सगळ्यांनी वाढवायचा आकडा चेनवर ठेवलात, तर चाचणीत काही दिसणार नाही आणि गर्दीच्या वेळी व्यवहार ढिगाने पडतील.

८. मुद्दाम मोडून बघा

प्रत्येक चाचणीचा अपेक्षित निकाल आधी लिहा, मग चाचणी करा. नंतर लिहिला तर जे झालं तेच बरोबर वाटू लागतं.

गाडीची बॅटरी काढा आणि लावा: अनुक्रमांक पुढे चालू राहिला पाहिजे. घड्याळ वीस वर्षं मागे न्या: नोंद स्वीकारली जावी, वेळेच्या खात्रीपुढे 'नाही' यावं. कालची खरी नोंद आज पुन्हा पाठवा: नाकारली जावी. चाचणीपुरती की मुद्दाम दोन युनिटांत घालून दोन्हींकडून एकाच अनुक्रमांकाच्या वेगळ्या नोंदी पाठवा: दोन्ही अडकाव्यात आणि सूचना माणसापर्यंत पोचावी. एक नोड बंद करा, मग एका नोडला खोटं बोलायला लावा. गाडी दोन आठवडे अँटेना काढून चालवा आणि सगळ्या नोंदी क्रमाने आल्या का बघा.

हे जमलं की लगेच जुनी पद्धत बंद करू नका. दोन्ही शेजारी शेजारी चालवा, रोज तुलना करा, आणि प्रत्येक फरकाचं कारण सापडेपर्यंत निर्णय चेनवरून घेऊ नका.

९. पुढची पंधरा वर्षं

प्रमाणपत्रांच्या मुदतीने चालू जाळी बंद पाडली आहेत. फॅब्रिकच्या प्रमाणपत्र-सर्व्हरमधून, काही बदललं नाही तर, मिळणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत १ वर्ष असते. चौदा महिने बंद असलेली गाडी सुरू झाली की तिची सही कुणी मानणार नाही, आणि नवं प्रमाणपत्र मागायलाही तिला जुनंच लागेल. फक्त नूतनीकरणासाठी चालणारं, लांब मुदतीचं वेगळं प्रमाणपत्र गाडीत ठेवा. त्याने नोंदींवर सही करता येऊ नये.

स्वाक्षरीची पद्धतही गाडीच्या आयुष्यात बदलेल. क्वांटम संगणकांना पुरून उरावी म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-डीएसए हे स्वाक्षरीचं मानक जाहीर केलं. त्यातल्या सर्वात लहान प्रकाराची स्वाक्षरी २,४२० बाइटची आहे. आज सर्रास वापरली जाणारी, पी-२५६ या पद्धतीची स्वाक्षरी ६४ बाइटची असते. साच्यात स्वाक्षरीसाठी ६४ बाइटची ठरीव जागा ठेवली असेल तर ती आजच मोकळी करा, आणि गाडीतल्या मेमरीचा हिशेब नव्या आकाराने करून बघा.

गाडी विकली गेली की गाडीची की तीच राहते, बदलतात त्या मालकाच्या परवानग्या. आधीच्या मालकाच्या फोनवरून इतिहास दिसणं त्याच दिवशी थांबलं पाहिजे. गाडी भंगारात गेली तर शेवटची नोंद टाकून की रद्द करा, कारण भंगारातलं टेलिमॅटिक्स युनिट जिवंत कीसकट दुसऱ्या गाडीत बसू शकतं.

आणि एखादा भागीदार बाहेर पडणार असेल तर त्याच्याकडे असलेल्या मूळ नोंदी आणि सॉल्ट आधी ताब्यात घ्या. ते त्याच्यासोबत गेले तर चेनवर उरलेले हॅश कशाचे होते हे कुणालाच सांगता येणार नाही. त्याच्या जुन्या नोंदींपैकी शंभर निवडा, तुमच्या साठ्यातून त्यांचे हॅश पुन्हा काढा, चेनशी जुळवा, आणि शंभरही जुळल्यावरच त्याचा नोड बंद करा.